सायबर गुन्ह्यावर एकांकिका लिहायला बसाल तेव्हा

मागच्या रविवारी वन्संना घेऊन इथे इंदूरच्या विजयनगरला सिनेमा बघायला गेले होते. सायबर गुन्हेगारीवरचा, मारधाडीचा. वन्सं म्हणजे माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण. वय ७३, तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलेलं, सिनेमाला सहसा येत नाहीत. या सिनेमाचं मात्र त्यांनीच काढलं. टीव्हीवर त्याची झलक लागायची, त्यात एक म्हातारी बाई फोन कानाशी धरून रडताना दिसायची. तेवढ्यावरून त्यांनी आमच्या मुलाला तिकिटं काढायला लावली.

ती बाई सिनेमात तीन मिनिटंही नव्हती. फोन आला, पैसे गेले, बाई गेली, आणि तिथून पुढे नायक नुसता माणसं मारत सुटला. जिन्यावर, लिफ्टमध्ये, गोदामात. एक मुलगी अंधाऱ्या खोलीत कीबोर्ड बडवत होती, पडद्यावर हिरवी अक्षरं धावत होती, आणि खलनायक एक बटण दाबून देशातली सगळी खाती रिकामी करणार होता. मध्यंतरात वन्सं गप्प होत्या. बाहेर आल्यावर रिक्षात बसताना म्हणाल्या, "अगं, ती बाई फोनवर असताना घरात काय करत होती, ते दाखवलंच नाही गं."

मला ते फार लागलं. कारण गेल्या मार्गशीर्षात वन्सं स्वतः पाच तास अशा फोनवर होत्या. स्वतःची गोष्ट कुणीतरी नीट सांगेल या आशेने त्या आल्या होत्या.

लोकमान्य नगरातल्या आमच्या मंडळात गणेशोत्सवाची एकांकिका मी बसवते, अठरा वर्षं झाली. त्याआधी आणि त्याबरोबर पस्तीस वर्षं बँकेत नोकरी केली. यंदा तीन मुलांनी संहिता आणून दिल्या, तिन्ही याच विषयावर. तिन्हींत अंधारी खोली, टोपीवाला हॅकर, हिरवी अक्षरं आणि शेवटी बंदूक. मुलं हुशार आहेत, लिहितात चांगलं, पण त्यांनी जे पाहिलं तेच लिहिलं. त्यांच्यासाठी, आणि ज्यांना ज्यांना या विषयावर लिहावंसं वाटतंय त्यांच्यासाठी, हे लिहायला घेतलं.

चोरी कशी होते ते आधी शिका

संहितेचा कागद पुढे ओढण्याआधी आठवडाभर फक्त हे काम करा. गुन्हा नेमका कोणत्या पायऱ्यांनी होतो ते तुम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे.

यंत्रणा फोडून केलेल्या चोऱ्या खऱ्या आहेत, नाहीत असं नाही. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये हल्ला झाला. एटीएमचा व्यवहार मंजूर करणारी जी यंत्रणा असते, तिच्या जागी चोरांनी आपली खोटी यंत्रणा उभी केली. ती येईल त्या मागणीला 'हो' म्हणत गेली. २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे निघाले, कोल्हापुरातूनही निघाले, आणि दोन दिवसांनी आणखी साडेतेरा कोटींवर रक्कम हाँगकाँगला गेली. सगळे मिळून ९४ कोटींच्या वर. यात नाट्य शोधायचं असेल तर ते संगणकासमोर सापडायचं नाही. कोल्हापुरात एटीएमच्या काचेच्या दाराआड कुणी पोरगा खिशात डझनभर कार्डं घेऊन उभा असेल, मागे रांगेत कुणी खोकत असेल, तिथे सापडेल.

दुसरं उदाहरण बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचं. फेब्रुवारी २०१६. चोरांनी गुरुवारची रात्र निवडली, कारण ढाक्यात शुक्रवार-शनिवार सुट्टी, न्यूयॉर्कमध्ये, जिथे बँकेचे डॉलर ठेवलेले होते, शनिवार-रविवार सुट्टी, आणि सोमवारी मनिलात चिनी नववर्षाची सुट्टी. व्यवहारांचे संदेश आपोआप छापणारा जो प्रिंटर होता, तोच त्यांनी बंद पाडला. सकाळी आलेल्या कर्मचाऱ्यांना वाटलं, प्रिंटर बिघडलाय. ज्याने कधी सरकारी कचेरीत काम केलंय त्याला ठाऊक आहे, बिघडलेल्या प्रिंटरचा कुणाला संशय येत नाही. ८ कोटी १० लाख डॉलर मनिलाला गेले. श्रीलंकेला निघालेले २ कोटी डॉलर मात्र अडले, कारण 'फाउंडेशन' या शब्दाचं स्पेलिंग चुकलं होतं आणि मधल्या एका बँकेत ते कुणाच्या तरी नजरेला खटकलं.

पहा, एवढ्या मोठ्या चोरीतही उत्कंठा कशात आहे? सुट्ट्यांच्या जुळणीत, एका प्रिंटरमध्ये आणि एका चुकलेल्या अक्षरात. तुमच्या संहितेत अशी एक तरी वस्तू असू द्या, जी प्रेक्षकाने हाताळलेली आहे.

पण आपल्या गल्लीत, आपल्या माणसांबरोबर जे घडतं ते यातलं नाही. तिथे कुणी काही फोडत नाही. दार आतूनच उघडून घेतात.

ठक स्वतःच नाटक करतात

ज्याला 'डिजिटल अरेस्ट' म्हणतात तो प्रकार नाटकवाल्या माणसाने एकदा नीट पाहावा. त्यांच्याकडे संहिता आहे, पात्रं आहेत, वेशभूषा आहे, नेपथ्य आहे.

पहिला प्रवेश यंत्राच्या आवाजाने सुरू होतो. तुमचा मोबाइल नंबर दोन तासांत बंद होईल, अधिक माहितीसाठी ९ दाबा. किंवा तुमच्या नावाने परदेशी निघालेलं पार्सल अडवलंय, त्यात खोटे पासपोर्ट आणि अमली पदार्थ आहेत. पहिलं पात्र मदत करणारं असतं, हे विसरू नका. तो काळजीने सांगतो, "मॅडम, तुमच्या आधारचा कुणीतरी गैरवापर केलाय असं दिसतंय, मी तुम्हाला पोलिसांशी जोडून देतो." दुसरं पात्र वर्दीतलं, व्हिडिओ कॉलवर, मागे भिंतीवर कुठल्यातरी खात्याचं चिन्ह, टेबलावर झेंडा. तिसरं पात्र मोठा साहेब, जो चिडतो. मग चिडलेल्या साहेबाला दुसरा समजावतो, बाईंचं वय बघा, साहेब. एक ओरडणारा आणि एक सांभाळून घेणारा. आणि मग अट येते: चौकशी पूर्ण होईपर्यंत कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कुणाला सांगायचं नाही, पैसे 'तपासणीसाठी' रिझर्व्ह बँकेच्या खात्यात ठेवायचे, निर्दोष ठरलात की परत मिळतील. रिझर्व्ह बँक सामान्य माणसाचं खातं ठेवत नाही. आपल्या कायद्यात व्हिडिओ कॉलवरून अटक करण्याची कसलीही तरतूद नाही. ही दोन वाक्यं कुणीतरी वेळेवर कानात सांगितली असती तर खेळ तिथेच मोडला असता. म्हणूनच ते पहिली बंदी बोलण्यावर घालतात.

२०२४ मध्ये लुधियानाचे उद्योगपती एस. पी. ओसवाल यांच्यासमोर तर या लोकांनी अख्खं न्यायालय उभं केलं. व्हिडिओवर सुनावणी, सरन्यायाधीशांचं सोंग घेतलेला माणूस, शिक्क्याचा आदेश. ७ कोटी रुपये गेले. बरीचशी रक्कम पोलिसांनी नंतर मिळवून दिली. वयाची ऐंशी ओलांडलेला, आयुष्यभर मोठे व्यवहार केलेला माणूस. त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये अशा एका कॉलची ध्वनिफीतच ऐकवली आणि 'रुको, सोचो, ॲक्शन लो' असं सांगितलं. ती फीत तुमच्या नटांना जरूर ऐकवा. त्यातल्या खोट्या पोलिसाच्या आवाजात राग कमी आणि कंटाळा जास्त आहे, दिवसातला पंधरावा कॉल असल्यासारखा. मला भीती वाटली ती त्या कंटाळ्याची. आमच्या मुलांनी लिहिलेले सगळे खलनायक गडगडाटी हसत होते. ते हसू आधी काढून टाका.

फोनवरच्या माणसाचं घर लिहा

इथे सगळ्यांत जास्त वेळ द्या. सिनेमा इथेच फसला होता.

वन्संची हकिगत सांगते, त्यांची परवानगी आहे. मार्गशीर्षातला गुरुवार होता. खिरीसाठी लिटरभर दूध त्यांनी गॅसवर ठेवलं आणि फोन वाजला. सकाळी साडेआठ वाजलेले. नऊ वाजेपर्यंत त्या व्हिडिओ कॉलवर होत्या, फोन तांदळाच्या डब्याला टेकवून स्टुलावर उभा केलेला, आणि स्वतः समोर लाकडी खुर्चीत ताठ बसलेल्या. शाळेत निरीक्षक आले की बसत तशा. समोरचा माणूस आधार क्रमांक वाचून दाखवत होता, तो खरा होता. वडिलांचं नाव खरं होतं. आणि आत दूध वर येऊ लागलं.

त्यांना वास आला. आवाजही आला, पातेल्याच्या कडेला दूध लागतं तेव्हा जो बारीक सर्रर्र होतो तो. त्या मला म्हणाल्या, "मी विचारलं गं त्याला. दूध उतू जातंय, गॅस बंद करून येऊ का, असं विचारलं मी." तो नाही म्हणाला. कॅमेऱ्यासमोरून उठलात तर फरार समजू, म्हणाला. आणि वन्सं बसून राहिल्या. दूध उतू गेलं, शेगडी विझली, गॅसचा वास सुटला. तेव्हा तो म्हणाला, जा, बंद करा, पण फोन हातात धरून, आणि कॅमेरा स्वतःच्या तोंडाकडे ठेवून.

तीस वर्षं ज्या बाईंनी वर्गातल्या साठ मुलांना 'बाई, पाणी पिऊन येऊ?' विचारायला लावलं, त्या स्वतःच्या स्वयंपाकघरात जायला परवानगी मागत होत्या. पैसे जायच्या आधी हे घडलं होतं. त्यानंतर पैसे जाणं ही फक्त वेळेची गोष्ट होती. दोन खेपांत ९० हजार गेले.

तुमच्या पात्राचं दूध कोणतं, ते शोधा. गुडघ्याची गोळी असेल, शाळेतून यायची नात असेल, पाळलेला पोपट असेल. त्याच्या घरातली, त्याच्या रोजच्या तासातली एक गोष्ट निवडा, आणि ती फोनवरच्या आवाजाच्या आड येऊ द्या. त्यातून प्रेक्षकाला कळेल की माणूस कसा बांधला जातो. आणि कृपा करून पात्राला भोळं किंवा लोभी दाखवून मोकळे होऊ नका. वन्सं भोळ्या नाहीत. त्या घाबरल्या, कारण आयुष्यात पोलीस चौकीची पायरी चढल्या नव्हत्या आणि बदनामीची भीती त्यांच्यावर लहानपणापासून बिंबवलेली होती. कायदा पाळणारा माणूसच या सापळ्यात पटकन अडकतो. जो रोज पोलिसांना चुकवतो तो फोन ठेवून देईल.

पात्राची लाजही लिहा. त्या दिवशी भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी बेल वाजवली, दार उघडेना, म्हणून त्यांनी मला फोन केला. मी जवळची किल्ली घेऊन गेले, दीड वाजत आला होता. आत शिरले तर वन्संनी माझ्याकडे पाहिलं आणि पदर सारखा केला. फोनमधून आवाज आला, "कौन है वहाँ?" मी फोन घेतला आणि बंद केला. पहिलं वाक्य वन्सं काय बोलल्या असतील? "दादाला सांगू नकोस." दादा म्हणजे माझे यजमान, त्यांच्याहून सहा वर्षांनी लहान, तरी त्या त्यांना दादाच म्हणतात. सव्वादोन तासांच्या सिनेमात असं एक वाक्य नव्हतं.

पैसा कुठून कुठे गेला ते दाखवा

रहस्यकथेत प्रेताचा प्रवास लिहितात तसा इथे पैशाचा प्रवास लिहायचा. तो मोघम ठेवलात की गोष्ट पोकळ होते.

पैसा आधी एका खात्यात पडतो. ते खातं ठकाचं नसतं. कुणा कॉलेजच्या पोराचं, मजुराचं, बंद पडलेल्या दुकानदाराचं असतं. काही हजारांच्या कमिशनवर त्याने पासबुक, एटीएम कार्ड आणि सिमकार्ड दुसऱ्याच्या हाती दिलेलं असतं. खातं भाड्याने देणं म्हणतात त्याला. तिथून काही मिनिटांत रकमेचे तुकडे पाच-सात खात्यांत, तिथून आणखी पुढे, आणि शेवटी एटीएममधून रोख किंवा आभासी चलन. म्हणून पहिला तास मोलाचा. १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन केला की तक्रार संबंधित बँकांपर्यंत पोचते, आणि रक्कम ज्या खात्यात पोचली असेल तिथे ती रोखून धरता येते. ही व्यवस्था २०२१ पासून आहे. चोर पैसा पुढे ढकलतोय आणि बँका मागून दारं लावत येताहेत, ही खरी शर्यत आहे. गाड्यांच्या पाठलागाची गरजच नाही.

१९३० वर काय विचारतात तेही संहितेत येऊ द्या. खातं कोणत्या बँकेत, किती रक्कम, किती वाजता, आणि व्यवहाराचा क्रमांक. यूपीआयने किंवा आयएमपीएसने पाठवलेल्या पैशाचा तो क्रमांक १२ आकडी असतो. मी वन्संच्या फोनवरून तो वाचत होते, चष्मा घरी राहिलेला, आणि वन्सं माझ्या मागे उभं राहून एकेक आकडा शाळेतल्या आवाजात स्पष्ट उच्चारत होत्या. "शून्य. चार. चार. सात." तिथे त्या परत स्वतः झाल्या. ९० पैकी ५२ हजार एका खात्यात अडले आणि पुढे कोर्टाच्या आदेशाने काही महिन्यांनी परत मिळाले. बाकीचे गेले.

रक्कम मोठी असेल तर पात्र बँकेत येतं, आणि बँकेचा प्रवेश लिहायला मिळाला तर सोडू नका. नोकरीच्या शेवटच्या वर्षात माझ्यासमोर हे घडलं. उन्हाळ्याची दुपार, एक जुने खातेदार, अठ्ठ्याहत्तरचे, सहा लाखांची मुदतठेव मोडायला आले. मोडून लगेच आरटीजीएस करायची, म्हणजे ती रक्कम दुसऱ्या बँकेतल्या खात्यात पाठवायची म्हणाले. आरटीजीएसचा फॉर्म कसा असतो ते नेपथ्यवाल्याला दाखवून ठेवा: ज्याला पैसे द्यायचे त्याचं नाव, खाते क्रमांक, तो पुन्हा एकदा, आणि ११ अक्षरांचा आयएफएससी, म्हणजे त्या बँकशाखेचा संकेतांक. पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवं नेहमी शून्य, शेवटची सहा शाखेची. काका एका चिठ्ठीवरून खाते क्रमांक उतरवत होते आणि दुसऱ्यांदा लिहिताना बोट ठेवून ताडून बघत होते. नावाच्या जागी कुठलंतरी 'एंटरप्रायझेस'. मी विचारलं, काका, कशासाठी? "भाच्याच्या घरासाठी." भाचा कुठे असतो? त्यांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. खिशात फोन उभा होता, त्याचा कॅमेरा खिशाच्या काठावरून बाहेर डोकावत होता, आणि एका कानात तार.

मी काही बोलले नाही. स्लिपच्या मागे लिहिलं: 'काका, फोनवर कुणी आहे का?' आणि ती स्लिप फॉर्मवर ठेवून मोठ्याने म्हणाले, "इथे बघा काका, सही राहिलीय." त्यांनी बराच वेळ वाचलं. मान हलवली नाही, डोळे वर केले नाहीत. फक्त बोट 'आहे' या शब्दावर ठेवलं आणि तिथेच दाबून धरलं. नखाखालची कातडी पांढरी झालेली मला दिसली. मी तशीच मोठ्याने म्हणाले, "सर्व्हर बंद पडलाय, आज आरटीजीएस होणार नाही. बसा, पाणी घ्या." खिशातला माणूस दोन मिनिटं ऐकत राहिला असावा. मग फोनचा प्रकाश विझला.

हे मी एका मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "मावशी, पण यात ॲक्शन नाही." त्याला मी त्या बोटाचं पुन्हा सांगितलं.

खलनायक कोण, हे लिहिताना थांबा

झारखंडचं जामताडा आणि हरियाणा-राजस्थान सीमेवरचा मेवात, फोनवरून फसवणाऱ्यांचे अड्डे म्हणून ही नावं सगळ्यांना पाठ आहेत. पण आता फोन करणारा प्रत्येक आवाज राजीखुशीने तिथे बसलेला नसतो. थायलंडमध्ये डेटा एंट्रीची नोकरी म्हणून मुलांना नेतात आणि म्यानमार, कंबोडिया, लाओसमधल्या कुंपणाच्या आवारात डांबतात. पासपोर्ट काढून घेतात, दिवसभर फोन करायला लावतात, ठरलेलं लक्ष्य गाठलं नाही तर मारतात. मार्च २०२५ मध्ये म्यानमारमधून सुटलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना वायुदलाच्या विमानांनी परत आणलं. वन्संना दूध बंद करायला नाही म्हणणारा माणूस यातला होता की नाही, ते मला कधीच कळणार नाही. वन्संनी मात्र विचारलं होतं, "त्याच्या मागेही कुणी उभं असेल का गं?" हा प्रश्न एकांकिकेत आला तर ती कुठल्या कुठे जाईल. पण त्याने गुन्हा धुऊन निघत नाही, तेही सांभाळा. दोन्ही एकाच प्रवेशात उभं करणं अवघड आहे. तीन-चार वेळा लिहून पहा.

पोलिसांबद्दल थोडक्यात. नायक पोलीस एकटाच आत घुसून दहा जणांना लोळवतो, असलं काही नको. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक किंवा त्यावरचा अधिकारीच करतो, तेव्हा तुमच्या पात्राच्या खांद्यावर किती तारे आहेत ते वेशभूषेवाल्याला आधी सांगा. सोंग घेऊन संगणकाद्वारे फसवणूक, कलम ६६ ड, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. आणि खरा अधिकारी बहुतेक वेळ बँकांना ईमेल लिहिण्यात घालवतो. तो प्रवेश लहान ठेवा.

रंगमंचावर

सेट साधा ठेवा: एक खुर्ची, एक स्टूल, एक डबा, मागे स्वयंपाकघराची चौकट. ठकाला रंगमंचावर आणूच नका. आवाज विंगेतून येऊ दे, पण ध्वनिमुद्रित नको, नट प्रत्यक्ष उभा करा, म्हणजे समोरच्या पात्राच्या थांबण्यावर तो थांबेल. चेहऱ्यावरचा प्रकाश फक्त फोनचा. आमच्या हॉलमध्ये मागच्या रांगेला तो दिसत नाही, म्हणून आम्ही डब्याच्या आड छोटा एलईडी लावतो.

भाषेचं म्हणाल तर ठक हिंदीत बोलेल, कचेरीतल्या जड हिंदीत, मध्ये इंग्रजी शब्द पेरत. त्याला मराठी बोलायला लावू नका. इंदूरमध्ये आपण दारातून बाहेर पाऊल टाकलं की हिंदी बोलतो आणि आत आलो की मराठी, हा आपल्या घरांचा उंबरठा आहे. पात्र फोनवर हिंदी बोलतंय आणि मध्येच नकळत मराठीत "अगं बाई, दूध" म्हणतं, तिथे इथल्या प्रेक्षकाला काय होईल ते मी सांगायला नको. मराठी नाटकं आणणाऱ्या इथल्या 'सानंद' संस्थेच्या प्रयोगांना वर्षानुवर्षं बसून तयार झालेला प्रेक्षक आहे हा, त्याला एवढी खूण पुरते.

वेळ चाळीस मिनिटांच्या आत. घड्याळ रंगमंचावर टांगा आणि ते खरं चालू द्या. १९३० चा फोन लागेपर्यंत वाजणारी रिंग पूर्ण ऐकवा, कापू नका. दिग्दर्शकाला ती लांब वाटेल. वाटू दे. आणि शेवटी सगळे पैसे परत मिळाले असं दाखवू नका. काही मिळाले, काही गेले, असं होतं.

परवा पहिली तालीम झाली. तिन्ही मुलांनी मिळून नवी संहिता लिहिली आहे, बंदूक गेली, टोपीवाला गेला. मुख्य भूमिका करणारी मुलगी बावीस वर्षांची आहे, चांगली नटी आहे. दुधाच्या प्रवेशाला ती तोंडावर हात घेऊन हुंदके देऊ लागली. वन्सं तालमीला येऊन बसल्या होत्या, हातात पोह्यांची वाटी. त्यांनी वाटी खाली ठेवली.

"बाळा, रडायचं नाही तिथे," त्या म्हणाल्या. "मी रडले नव्हते. मी इकडे बघत होते." आणि उठून त्या खुर्चीत जाऊन बसल्या, ताठ, हात मांडीवर. चेहरा फोनकडे ठेवून त्यांनी फक्त डोळे उजवीकडे, स्वयंपाकघराच्या चौकटीकडे नेले आणि परत आणले. परत नेले, परत आणले.

मुलीने विचारलं, "आजी, किती वेळ?"

"उतू जाऊन खाली येईपर्यंत," वन्सं म्हणाल्या, आणि खुर्ची तिला रिकामी करून दिली.